नाला दर पावसाळ्यात वावर खातोय, काठाला काय बांधू?

तितूरकाठ (ता. चाळीसगाव)

राम राम मंडळी.

आमचं साडेतीन एकर वावर नाल्याला लागून आहे. हा नाला पुढे दीडेक किलोमीटरवर तितूर नदीला मिळतो. आमच्यापाशी तो वळतो आणि वळणाची बाहेरची बाजू आमच्या वाट्याला आली आहे. ३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या, चाळीसगावात पाणी शिरलं, त्याच रात्री आमचा बारा फूट काठ गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात तीन-चार फूट जातोच. गेल्या वर्षी काठावरचं आजोबांच्या हातचं कडुनिंब मुळासकट नाल्यात आडवं झालं. आता काठापासून विहीर मोजून अडतीस फूट राहिली आहे. माझी झोप उडाली आहे ती त्या विहिरीपायी.

काठ अकरा फूट उभा आहे. वरची चार फूट काळी माती, खाली पिवळी, आणि तळाशी गोटे-रेतीचा थर. नाल्याचा तळ बावीस फूट रुंद. समोरच्या काठाला रेतीचा ढीग साचत चाललाय.

एक गोष्ट मला कधी उमगली नाही. पूर भरून वाहतो तेव्हा काठ जागचा हलत नाही. पाणी ओसरतं, ऊन पडतं, आपण म्हणतो वाचलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास धप्प आवाज येतो. भिंतीसारखा अख्खा तुकडा खाली बसलेला असतो, वर कपाशीची झाडं तशीच उभी.

गावात कुणी म्हणतं काँक्रीटची भिंत घाल, कुणी म्हणतं जाळीत दगड भर, कुणी म्हणतं समोरची रेती काढ म्हणजे पाणी तिकडून जाईल. पैसे जेमतेम आहेत, एकदाच खर्च करू शकतो. जाणकारांनी सांगावं.

बांधकामवाला (अमळनेर)

दादा, जाळीचे दगड दोन-चार वर्षांत तार गंजून सुटतात. सरळ आरसीसी भिंत घ्या, नऊ इंची, खाली दोन फूट पाया. नव्वद-शंभर फुटांचं काम असेल तर महिन्याभरात उरकतं.

बोरीथडी (ता. पारोळा)

तितूरकाठ, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मी एकतीस वर्षं शाखा अभियंता म्हणून धुळे-जळगावात छोटे बंधारे, नालाबांध याच कामात होतो. आता बोरीकाठी शेती करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारख्या ठिकाणी घाईत केलेलं काम मी स्वतः वाहून जाताना पाहिलं आहे.

आधी तुमच्या त्या सकाळच्या आवाजाचं सांगतो. पूर भरलेला असतो तेव्हा नाल्यातलं पाणीच काठाला बाहेरून टेकू देत असतं. काठाची माती तेवढ्या वेळात पाणी पिऊन जड होते. मग नाला तासाभरात उतरतो, टेकू निघून जातो, पण मातीच्या पोटातलं पाणी तितक्या झपाट्याने निघत नाही. ते गोट्यांच्या थरातून बाहेर येऊ पाहतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. वरून आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली. त्या भेगेतून तुकडा सुटतो आणि बसतो. म्हणजे पूर काठाचा पाय पोखरून जातो, आणि काठ पडतो नंतर.

वळणाचंही तसंच. वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, तिथून खाली बुडी मारतं, तळ खरवडतं आणि ती रेती घेऊन तळातून आतल्या बाजूला जातं. समोरचा रेतीचा ढीग अशाने वाढतो. तो काढलात तर पुढच्या दोन पुरांत तिथेच परत साचेल. तो ढीग परिणाम आहे, मूळ कारण तुमच्या काठाच्या पायाशी आहे.

म्हणून बांधकामवाले भाऊंचा सल्ला मी या जागी मानणार नाही. त्यांचं जाळीबद्दलचं म्हणणं खरं आहे, हलक्या तारेची जाळी गोट्यांच्या माराने तुटते. पण दोन फूट पायाची कडक भिंत वळणावर टिकत नाही. पाणी भिंतीला आपटून खाली वळतं, पाया उघडा पाडतं, आणि काँक्रीटला वाकता येत नाही म्हणून ते एका दिवशी अख्खं पडतं. शिवाय मागचं पाणी बाहेर पडायला वाट नसेल तर भिंत आतूनही ढकलली जाते. सुट्या दगडाचा गुण असा की खाली खड्डा पडला की तो स्वतः घरंगळत त्यात जाऊन बसतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही काठाबद्दल विचारलंत, मी तुम्हाला तळाबद्दल विचारतो. तळ खाली जातोय का? तळ जात असेल तर काठावर सोनं लावा, ते खाली येणार.

१९९६ साली साक्री तालुक्यात मी एका नाल्यावर जाळीचा बंधारा घातला होता. चार फूट उंच, डबर चांगला, जाळी नवी. माझ्या दोन चुका झाल्या. माथा मी सरळ एका पातळीत ठेवला, मध्ये पाणी जायला खोलगट जागा ठेवली नाही. आणि दोन्ही बाजूंचे पंख काठात जेमतेम दीड फूट घुसवले, कारण पुढे खोदलं तर शेतकऱ्याचा बांध मोडत होता आणि जूनची सात तारीख उजाडली होती. पहिल्याच मोठ्या पुरात पाणी बंधाऱ्याच्या टोकाकडून वळलं आणि काठ फोडून बाजूने गेलं. सकाळी मी पोचलो तेव्हा माझा बंधारा मधोमध कोरडा, एक दगडही न हललेला, आणि नाला त्याच्या शेजारून एका म्हाताऱ्या बाबांच्या कांद्याच्या रोपातून वाहत होता. ते बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. चिखलातून पंपाचा पाईप ओढत होते. मी बूट काढले आणि त्यांच्यासोबत पाईप ओढायला लागलो. त्यानंतर मी काम केलेल्या एकाही बंधाऱ्याचे पंख पक्क्या मातीत पाच फुटांपेक्षा कमी गेले नाहीत.

तुम्ही एक काम करा. नाला कोरडा आहे तोवर तळातून चालत खाली तितूरकडे जा. वाटेत कुठे तळाला उभी पायरी दिसते का बघा, म्हणजे वरचा तळ एका पातळीवर आणि एकदम दोन-चार फूट खाली दुसरी पातळी. पायरीखाली डबकं असेल, काठावरची मुळं उघडी लोंबत असतील. खडक कुठे उघडा पडलाय तेही बघा. येताना पाण्याची नळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकांची पातळी जुळवायला) घेऊन शंभर फुटांत तळाला किती उतार आहे ते मोजा. आणि खालच्या अंगाला नाला खोलीकरण झालंय का, तेवढं चौकशी करून सांगा.

तितूरकाठ (ता. चाळीसगाव)

साहेब, तुम्ही एवढा वेळ दिलात, फार उपकार. आज सकाळी पोराला घेऊन चाललो.

पायरी आहे. आमच्या वावराच्या हद्दीपासून २४० फूट खाली. मोजली, बरोबर तीन फूट. खाली डबकं, त्यात अजून ओल आहे. पायरीच्या तोंडाला करंजाची मुळं दोरीसारखी लोंबतायत, त्याखाली हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, माती पोकळ झालीय. त्या वावराचे मालक म्हणाले, दोन वर्षांपूर्वी ही पायरी बाभळीपाशी होती, म्हणजे आणखी दीडशे फूट खाली. खोलीकरण तीन वर्षांपूर्वी पोकलेनने झालं, तितूरच्या बाजूने वर येत येत मध्येच थांबलं. बांध एकही घातला नाही.

खडक फक्त एके ठिकाणी, पायरीच्या खूप खाली. उतार शंभर फुटांत नऊ इंच. गेल्या वर्षी पाणी तळापासून सहा फूट चढलं होतं, काठावर काडीकचऱ्याची रेघ अजून दिसते.

मला वाटलं होतं खोलीकरणाने आपला नाला सुधारला.

बोरीथडी (ता. पारोळा)

नेमकी मोजमापं दिलीत, आता बोलता येतं.

ही पायरी म्हणजे वर चढणारा कडा आहे. खाली तळ खोदला की जिथे खोदणं थांबलं तिथे पाणी उडी मारतं, उडीच्या पायाशी खड्डा पाडतं, पायरीचा बुडखा पोखरला जातो आणि तोंड गळून पडतं. प्रत्येक पुरात पायरी वरच्या अंगाला सरकते. खडक लागला तरच ती थांबते, आणि खडक तुमच्या बाजूला नाही. दोन वर्षांत दीडशे फूट म्हणजे वर्षाला पंचाहत्तर. २४० फूट यायला सव्वातीन वर्षं, आणि २०२१ सारखा एक पाऊस झाला तर एकाच वर्षात. ती तुमच्यापाशी पोचली की तुमचा अकरा फुटी काठ चौदा फुटांचा होईल. आज जे पडतंय ते नुसतं वळणाचं आहे. खरं संकट अजून वाटेत आहे.

खोलीकरणाला मी सरसकट वाईट म्हणत नाही. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून जे काम उभं केलं त्यात नाला खोल-रुंद करण्यासोबत सिमेंटचे बंधारेही साखळीने घातले. पुष्कळ ठिकाणी लोकांनी त्यातलं पोकलेन तेवढं उचललं आणि बंधारा सोडून दिला.

तेव्हा पहिला दगड तुमच्या वावरात पडता कामा नये. तो २४० फूट खाली, त्या शेजाऱ्यांच्या हद्दीत, पायरीवर पडला पाहिजे.

तिथे उंच बंधारा नको. पायरीची उभी धार मोडून तिचा दहास एक उतार करा. तीन फुटांची पायरी, म्हणजे तीस फूट लांबीचा दगडी उतार, आणि वर सहा फूट सपाट तोंड. रुंदी तळाचे बावीस फूट आणि दोन्ही काठांवर पाच-पाच फूट चढती, म्हणजे बत्तीस. जाडी अडीच फूट. छत्तीस गुणिले बत्तीस गुणिले अडीच, २८८० घनफूट, म्हणजे (शंभर घनफुटांचा एक ब्रास) २९ ब्रास. वरच्या आणि खालच्या टोकाला तीन फूट रुंद, तीन फूट खोल चर खोदून त्यातही दगड भरायचा, तो आणखी सहा ब्रास. एकूण पस्तीस धरा.

दगड दीड फुटाचा, कोनेदार, काळा. असा एक दगड सव्वाशे-दीडशे किलो भरतो. नदीतले गुळगुळीत गोटे वापरू नका, ते एकमेकांत अडकत नाहीत. सहा फूट पाण्याला आणि तुमच्या उताराला वेग सेकंदाला आठ-साडेआठ फूट येतो. वेग दुप्पट झाला तर तग धरणाऱ्या दगडाचं वजन चौसष्ट पट लागतं, म्हणून दगडाच्या आकारात काटकसर करायची नाही. दगडाखाली सहा इंच मुरूम-खडीचा थर हवाच. तो नसेल तर फटींतून खालची माती शोषली जाते आणि वर्षभरात दगड खचतात. आणि माथा मध्ये एक फूट खोलगट, कडेला चढता. माझी १९९६ ची चूक इथे करू नका.

हे झालं की मग तुमचं वळण. काठाच्या पायाशी, तळ जिथे सगळ्यात खोल आहे तिथून तीन फूट खाली, तीन फूट रुंद चर. त्यात एक फुटी दगड. वळण नव्वद फूट, दोन्ही टोकांना पंधरा फूट जास्त घ्या म्हणजे एकशेवीस. साधारण अकरा ब्रास. पुढे तळ थोडा खरवडला तरी हे दगड घरंगळून उतार झाकतील. वरचा उभा काठ मात्र कापावा लागेल, दीडास एक उतार करून. अकरा फुटी काठाला साडेसोळा फूट जमीन जाते. जड वाटेल, मला माहीत आहे. पण हिशेब करा, एकशेवीस फुटांत मिळून दोन गुंठ्यांच्या आतच जाते, आणि विहिरीला साडेएकवीस फूट उरतात, जे मग तुमचेच राहतात. उतारावर चार फूट उंचीपर्यंत दगड, त्याखालीही मुरमाचा थर, वर गवत. हे आणखी तेरा ब्रास.

कुणी तुम्हाला काठापासून नाल्यात आडवे दगडी दांडे काढायला सांगेल. गिरणा-तापीच्या रुंद पात्रात ते चालतात, दांड्याच्या लांबीच्या दोन-अडीच पट अंतराने. बावीस फुटांच्या नाल्यात दांडा काढलात तर पाणी समोरच्याचं वावर खाईल.

पांझराकाठ (ता. साक्री)

आबा, तुम्ही साक्रीचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतीचे (बंधाऱ्याचं पाणी पाटाने सामाईक शेतीला देण्याची जुनी रीत) जुने बंधारे आहेत, दगड-चुन्याचे, शेकडो वर्षांचे. माझ्या लहानपणी वडील आमच्या फडाचे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, होते. ते दाखवायचे, बंधारा कसा सरळ रेषेत नाही, जिथे खडक वर आलाय तिथून तिथे वळत गेलाय. तळ धरून ठेवणं म्हणजे काय ते मला त्या बंधाऱ्यावर बसून कळलं. वर पात्र भरलेलं, खाली रेती उपसून उपसून माणूसभर खोल झालेलं, मध्ये तो बंधारा उभा.

तितूरकाठ दादा, उतारावर काय लावायचं ते मी सांगू शकते, आमच्या ओढ्याला मी केलंय. वाळा लावा. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की जुन्या गड्ड्याची चार-पाच काड्यांची ठोंबं करायची, पानं वीतभर ठेवून छाटायची, आणि उतारावर आडव्या ओळीत वीत-वीत अंतराने दाटून लावायची. उंचीने तीन फुटांवर दुसरी ओळ. फट ठेवली तर पाणी नेमकं तिथून ओघळ पाडतं, म्हणून मेलेलं ठोंब आठवड्यात बदलायचं. पहिल्या उन्हाळ्यात मी बादलीने पाणी घातलं. दुसऱ्या वर्षी एक गड्डा काढून पाहिला तर पांढरी मुळं सरळ खाली, माझ्या उंचीपेक्षा लांब, आणि मुठीत धरली तर वास हातभर. ओळीच्या वरच्या बाजूला गाळ अडकून आपोआप पायऱ्या झाल्या.

मध्ये मध्ये निगडीच्या (निर्गुडीच्या) काड्या खोचा, शेळ्या तोंड लावत नाहीत. काठाच्या धारेवर मोठं झाड मात्र नको. तुमचं कडुनिंब गेलं त्याचं वाईट वाटलं, पण अकरा फुटी उभ्या काठावर तेवढं वजन आणि वरून वारा, ते काठालाच घेऊन खाली येतं. झाड लावायचंच तर कापलेल्या उताराच्या माथ्यापासून दहा-पंधरा फूट आत लावा.

बांधकामवाला (अमळनेर)

आबांचं पटलं. मी इमारतीच्या हिशेबाने बोललो होतो. दगडाचं सांगतो, खाणीवर एक फुटी आणि दीड फुटी दगड वेगळा निवडून मागा, नाहीतर ट्रॉलीत निम्मा चुरा येतो. आणि ट्रॉली मोजून घ्या, शंभर घनफुटांना ब्रास.

तितूरकाठ (ता. चाळीसगाव)

आबा, ताई, दोघांचंही वाचून घरात सगळ्यांना दाखवलं. दोन गुंठ्यांचं ऐकून आई आधी गप्प झाली, मग म्हणाली, विहीर राहत असेल तर काप.

अडचण एक. खालच्या वावरातलं काम मी माझ्या पैशाने करू? आणि नाला तर सरकारी. नुसता दगड टाकला तर कुणी हरकत घेईल का?

बोरीथडी (ता. पारोळा)

परवानगीशिवाय नाल्यात हात घालू नका. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि त्यासोबत तहसील आणि जलसंधारण, दोन्हीकडे अर्ज द्या. अर्जात "माझं शेत वाचवा" असं लिहू नका, पायरीबद्दल लिहा. ती पायरी तुमच्यापाशी थांबणार नाही, तुमच्या वर जितकी वावरं आहेत त्या सगळ्यांत ती जाणार. वर गावाचा रस्ता नाला ओलांडतो का? फरशी पूल किंवा मोरी असेल तर पायरी तिचाही पाया उघडा पाडेल. हे लिहिलंत तर काम गावाचं होतं.

आणि हे मोजमापाचे आकडे मी तुमच्या पोस्टवरून काढलेत. प्रत्यक्ष आखणीच्या वेळी पंख कुठवर न्यायचे हे माती उकरूनच ठरतं. मार्च संपत आलाय, हातात दोन महिने आहेत. दोन्ही कामं एकाच उन्हाळ्यात नाही झाली तर यंदा फक्त पायरी धरा. वळण एक पावसाळा थांबेल, फार तर चार फूट जाईल. उलटं केलंत तर काठाचे चोवीस ब्रास खालून मोकळे होतील.

येत्या रविवारी मी चाळीसगावकडेच येणार आहे. त्या खालच्या मालकांनाही बोलावून ठेवा, आणि एक टिकाव, एक पहार आणि ती पाण्याची नळी तयार ठेवा.

तितूरकाठ (ता. चाळीसगाव)

वर फरशी आहे आबा, शाळेच्या रस्त्याची. आत्ताच जाऊन पाहून आलो, तिच्या खालच्या कडेला वीतभर पोकळी दिसते. तिचे फोटो काढलेत, सरपंचांना संध्याकाळी दाखवतो. खालचे मालक रविवारी सकाळी आठला थांबतो म्हणाले. जेवण आमच्याकडेच.